१२ए रोटरीच्या मॅनिफोल्डमधली पाणीगळती: नवी ओ-रिंग, फेसिंग की कायमचं बूच?

१२ए हे जुन्या माझदा आरएक्स-७ चं रोटरी इंजिन: पिस्टनऐवजी त्यात तिकोनी रोटर फिरतात. रेडिएटर आठवड्याला पेलाभर पाणी मागतो, पण गाडीखाली एक थेंब दिसत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला इंजिन एका रोटरवर भकभकतं, मागून गोडसर वासाचा पांढरा धूर निघतो आणि मिनिटभरात सगळं शांत होतं. मॅनिफोल्डचं, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं मिश्रण इंजिनात नेणाऱ्या भागाचं, पॅकिंग आणि ओ-रिंगा (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) एकदा बदलून झाल्या आहेत. तीन-चार महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. आता एक जण म्हणतो पुन्हा ओ-रिंग टाका, दुसरा म्हणतो मॅनिफोल्ड फेसिंगला द्या (तोंड मशीनवर घासून सपाट करायला), तिसरा म्हणतो पाण्याचं भोकच बुजवा. पहिल्या पिढीच्या माझदा आरएक्स-७ वाल्यांना (१९७८ ते १९८५) हा तिढा कधी ना कधी पडतोच.

तिन्ही उपाय आपापल्या जागी बरोबर आहेत. चूक होते ती कोणता उपाय कोणत्या गाडीला, हे मोजमाप न करता ठरवण्यात.

तिथं पाणी आहेच कशाला?

१२ए म्हणजे दोन रोटर, प्रत्येकी ५७३ सीसी, आणि वर निक्की कंपनीचा चार-घशी कार्ब्युरेटर. थंड मॅनिफोल्डच्या भिंतीवर पेट्रोल थेंबाथेंबाने साचू नये म्हणून मॅनिफोल्डच्या पोटातून इंजिनचं गरम पाणी फिरवलेलं असतं. ते येतं मधल्या बिडाच्या प्लेटमधून. पिस्टनच्या इंजिनात असतं तसं हेड इथं नाही, म्हणून हेड पॅकिंगही नाही. पुढची बिडाची प्लेट, ॲल्युमिनियमचं रोटर हाउसिंग, मधली प्लेट, दुसरं हाउसिंग, मागची प्लेट असे पाच थर लांब बोल्टांनी एकत्र आवळलेले असतात. इनटेकची तोंडं बिडाच्या प्लेटांमध्ये आहेत, त्यामुळे ॲल्युमिनियमचा एकसंध मॅनिफोल्ड तीन वेगवेगळ्या प्लेटांवर पसरून बसतो. मधल्या प्लेटवर पाण्याच्या भोकांभोवती ओ-रिंगा, बाकी सगळीकडे कागदी पॅकिंग.

त्यात जागाही वाईट. इनटेक आणि एक्झॉस्ट इंजिनच्या एकाच बाजूला, एकावर एक. खाली रोटरीचा धगधगता एक्झॉस्ट. १९७९-८० च्या अमेरिकी गाड्यांत तर थर्मल रिॲक्टर (एक्झॉस्टमधलं उरलंसुरलं इंधन जाळणारा डबा), म्हणजे भट्टीच. बाहेर ओघळलेलं कूलंट त्यावर पडतं आणि जागेवर वाळतं, म्हणून जमिनीवर डाग नसतो. तीच धग ओ-रिंगचं रबर भाजून कडक करते.

धूर फक्त सकाळीच का, याचं उत्तरही इथंच आहे. इंजिन बंद केल्यावर पाण्यात दाब तासभर टिकतो. त्या वेळात सैल ओ-रिंगमधून थेंब थेंब पोर्टमध्ये (इनटेकच्या तोंडात) झिरपतो, रोटरच्या खोलीत साचतो आणि सकाळी वाफ होऊन बाहेर पडतो.

आधी गळती तिथलीच आहे याची खात्री

हीच लक्षणं इंजिनच्या आतल्या वॉटर सीलची (थरांच्या सांध्यांतून पाणी आत जाऊ न देणाऱ्या सीलची) असू शकतात. ते सील गेलं असेल तर पूर्ण इंजिन उघडणं आलं, आणि मग मॅनिफोल्डवर घातलेला प्रत्येक तास वाया.

दोन्हींतला फरक गॅसवर कळतो. आतलं वॉटर सील गेलं की जळलेला गॅस दाबाने पाण्यात घुसतो. ओ-रिंग गेली असेल तर तसं होत नाही, कारण इनटेकमध्ये जळलेला गॅस नसतो. तिथं असते ओढ. रेडिएटरच्या तोंडावर ठेवायचं रासायनिक टेस्टर वापरा, त्यातला निळा द्रव जळलेल्या गॅसने पिवळा होतो. इंजिन गरम, थर्मोस्टॅट उघडलेला, दोन-तीन मिनिटं चाचणी, तीही निदान दोनदा. रंग पिवळा झाला तर हा लेख इथंच बाजूला ठेवा.

रंग निळाच राहिला तर कार्ब्युरेटर काढा, रेडिएटरवर हातपंप लावा आणि टोपीच्या दाबाइतकाच, म्हणजे साधारण ०.९ बार, दाब देऊन रात्रभर ठेवा. टोपीवरचा आकडा वाचून घ्या. त्याहून जास्त दाब दिला तर धड असलेली जागाही गळायला लावाल. सकाळी मॅनिफोल्डच्या घशांतून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घाला. मधल्या प्लेटकडे जाणाऱ्या घशात ओल दिसली की निदान पक्कं. मॅनिफोल्डच्या बुडाशी हिरवट-पांढरी खपली असेल तर गळती बाहेरही आहे.

चाचणीनंतर लगेच सेल्फ मारू नका. आधी चारही स्पार्क प्लग काढा, मग इंजिन फिरवून खोलीत साचलेलं पाणी उडवून द्या. पाणी दाबलं जात नाही. प्लग लावून फिरवलंत तर नुकसान थेट आत.

एफसी पिढीची (१९८६ पासूनची) इंजेक्शनवाली गाडी असेल तर आधी थ्रॉटल बॉडीचे पाण्याचे होज बघा. तिथल्या थर्मोवॅक्सकडे (थंड इंजिनचा आयडल वाढवणाऱ्या मेणाच्या यंत्रणेकडे) जाणारे बारीक होज कडक होऊन गळतात आणि दोष मॅनिफोल्डच्या माथी जातो.

ओ-रिंग पाणी अडवते ती दबून

सगळा निर्णय या एका गोष्टीवर आहे. ओ-रिंग नवी असून भागत नाही, ती पुरेशी दबली पाहिजे. समजा रिंगची जाडी ३.० मिमी आहे, ती बसते ती खाच २.० मिमी खोल आहे आणि आवळलेलं पॅकिंग ०.४ मिमी. रिंगला जागा मिळाली २.४ मिमी, म्हणजे ती २० टक्के दबली. उत्तम. आता तीच रिंग, पण कोणीतरी 'जास्त सुरक्षित' म्हणून दोन पॅकिंगं एकावर एक टाकली. जागा झाली २.८, दाब उरला जेमतेम ७ टक्के. गरम असताना ती धरेल, पण थंडीत रबर आखडलं की सोडेल. शिवाय धगीत बसून काही महिन्यांत रबर चपटं होतं, मग ते सात टक्केही उरत नाहीत. 'तीन महिने बरं चाललं' या तक्रारीमागचं गणित बहुतेक वेळा हेच असतं. १५ ते ३० टक्क्यांत राहिलात तर निश्चिंत, दहाच्या खाली गेलात तर काम पुन्हा करायची तयारी ठेवा.

प्रत्यक्ष मोजायला मुलांच्या खेळण्यातलं प्लॅस्टिसिन पुरतं. मॅनिफोल्ड उतरवून दोन्ही तोंडं स्वच्छ करा. खाचेत ओ-रिंगऐवजी प्लॅस्टिसिनची वळी दाबून बसवा, खाचेच्या वर थोडी उंच राहू द्या. समोरच्या बिडावर तेलाचं बोट फिरवा म्हणजे ती चिकटणार नाही. जे पॅकिंग शेवटी वापरणार तेच मध्ये ठेवून मॅनिफोल्ड पूर्ण टॉर्कने आवळा. मग उघडा, ब्लेडने वळी चार ठिकाणी आडवी कापा आणि व्हर्नियरने उंची मोजा. ओ-रिंगला मिळणारी खरी जागा ती ही. चारही आकडे सारखे आले तर ठीक. एका बाजूला २.४ आणि दुसऱ्या बाजूला २.७ आले तर मॅनिफोल्ड वाकडा आहे किंवा प्लेटा एका पातळीत नाहीत.

ते कोणतं, हे सरळपट्टी सांगते. पट्टी आधी मॅनिफोल्डच्या तोंडावर लांबीत आणि तिरकी ठेवा आणि खालून फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. मग तीच पट्टी इंजिनवर, तिन्ही प्लेटांच्या तोंडांवर आडवी ठेवा. ०.१० मिमीपर्यंतची तफावत पॅकिंग सांभाळून घेतं, ०.१५ च्या पुढे घेत नाही. इंजिन आधी कधी उघडून पुन्हा बांधलेलं असेल तर मधली प्लेट केसभर मागे बसलेली सापडू शकते. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते, आणि तिथं मॅनिफोल्ड दहा वेळा फेसिंग केला तरी उपयोग शून्य, कारण दोष मॅनिफोल्डात नाहीच.

पर्याय एक: नवी ओ-रिंग, नवं पॅकिंग

तोंडं सपाट, खाचेचा काठ शाबूत, दाब १५ टक्क्यांच्या वर: एवढं असेल तर याहून जास्त काही करू नका. एका दिवसाचं काम आहे आणि खर्च सगळ्यांत कमी. फक्त रबर विचारून घ्या. डब्यातली कुठलीही काळी रिंग म्हणजे बहुधा साधं नायट्राइल, आणि एक्झॉस्टच्या धगीत ते लवकर दगड होतं. ईपीडीएम गरम पाण्याला आणि ग्लायकोलला सर्वांत चांगलं, पण पेट्रोल लागलं की फुगतं, आणि इथं पेट्रोल बोटभर अंतरावर आहे. व्हिटॉन पेट्रोल आणि उष्णता दोन्ही सोसतं, पण त्याच्या साध्या जाती गरम कूलंटमध्ये कालांतराने कमकुवत होतात. एचएनबीआर, म्हणजे सुधारित नायट्राइल, दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी टिकतं. माझदाची मूळ रिंग मिळाली तर तीच घ्या. नाहीच मिळाली तर एचएनबीआर, नेमक्या जाडीची.

मधली प्लेट मागे असेल तर याच पर्यायात एक जाड रिंग बसते: ३.० च्या जागी ३.५. पण रबर दबतं म्हणजे पसरतं, त्याचं आकारमान कमी होत नाही. खाचेत पसरायला जागा उरते का ते बघा. रिंगने खाच पंचाऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भरली तर ती मॅनिफोल्डलाच उचलून धरते आणि शेजारचं पॅकिंग हवा ओढू लागतं. पाणी थांबलं पण आयडल बिघडला, असं झालं तर कारण हे.

सिलंटचा मोह इथंच होतो. साधं सिलिकॉन आरटीव्ही पेट्रोलने मऊ पडतं आणि त्याचे लोळे सुटून पाण्याच्या वाटेत किंवा पोर्टमध्ये जातात. लावायचंच असेल तर हायलोमारसारखं न वाळणारं, पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना पापुद्र्याइतकं पातळ. ओ-रिंगला मात्र फक्त कूलंटचं बोट, दुसरं काही नाही.

पर्याय दोन: फेसिंग आणि खड्डे भरणं

मॅनिफोल्ड काढल्यावर पाण्याच्या भोकाभोवती ॲल्युमिनियम खाल्लेलं दिसतं: पांढरी भुकटी, खाली काळे खड्डे, खाचेचा काठ कुरतडलेला. बीड आणि ॲल्युमिनियम शेजारी, मध्ये वर्षानुवर्षं न बदललेलं कूलंट किंवा नुसतं नळाचं पाणी, हे होणारच. इथं नवी रिंग टाकणं म्हणजे फुटक्या घड्यावर नवं झाकण ठेवणं.

खड्डे खाचेपर्यंत पोचले नसतील तर नुसतं फेसिंग पुरेल. पोचले असतील तर आधी भरावे लागतील. उथळ खड्ड्यांना स्टील-भुकटीचा इपॉक्सी, जेबी वेल्डसारखा, चालतो, पण त्याखालचा धातू चकचकीत उघडा हवा आणि ॲसिटोनने पुसलेला हवा. पूर्ण सुकायला चोवीस तास द्या, मग घासा. काठच गेला असेल तर टिग वेल्डिंग करून नव्याने खाच कोरून घ्यावी लागते. त्याला मशीन शॉपच हवं.

फेसिंगचा एक छुपा परिणाम आहे. खाच मॅनिफोल्डमध्ये असेल आणि तोंडावरून ०.२ मिमी धातू काढला तर खाचही ०.२ ने उथळ झाली. वरच्या उदाहरणात जागा २.४ वरून २.२ वर येते, दाब २० वरून जवळपास २७ टक्क्यांवर. हे चालतं. ०.४ काढलं तर दाब ३३ टक्के. आता खाच खोल करा किंवा बारीक रिंग शोधा. म्हणून मशीनवाल्याला 'साफ होईपर्यंत घे' असं सांगू नका, आकडा द्या.

फेसिंग मॅनिफोल्डचंच. इंजिनवर बसलेल्या बिडाच्या तोंडावर ग्राइंडर, खरखरीत पॅड किंवा फिरता ब्रश कधीही नाही. त्याची भुकटी उघड्या पोर्टमधून थेट रोटरवर जाते आणि एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) खाऊन टाकते. तिथं पोर्टमध्ये चिंध्या कोंबा, प्लॅस्टिकची पट्टी आणि पॅकिंग रिमूव्हर वापरा, शेवटी व्हॅक्यूमने ओढा. चिंध्या मोजून घाला आणि मोजून काढा.

पर्याय तीन: बूच

मधल्या प्लेटमधून पाणी बाहेरच येऊ द्यायचं नाही. पाणी नाही तर गळती नाही. रेसिंगवाल्यांची ही आवडती वाट, कारण मॅनिफोल्ड थंड राहिला की आत जाणारं मिश्रणही थंड आणि दाट राहतं.

पण बूच कुठं, हा प्रश्न महत्त्वाचा. बरेच जण मॅनिफोल्डचं भोक बुजवतात, कारण ते टेबलावर ठेवून करता येतं. त्याने काहीच सुटत नाही: दाबाखालचं पाणी अजूनही प्लेट आणि मॅनिफोल्डच्या सांध्यापर्यंत येतंच आणि त्याच ओ-रिंगवर ढुश्या देतं. बूच बिडातच हवं, तोंडाच्या पातळीच्या आत.

त्यासाठी भोकात आटे पाडावे लागतात. टॅपवर घट्ट ग्रीस लावा म्हणजे बिडाचा चुरा त्याला चिकटेल. दर अर्ध्या फेऱ्याला टॅप मागे घ्या, दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसा. उरलेला चुरा चुंबकाने काढा, मग पाण्याचा मार्ग धुऊन काढा. निमुळत्या आट्यांचं बूच जोराने आवळू नका. ते पाचरीसारखं काम करतं आणि बीड वाकत नाही, तडकतं. मधली प्लेट तडकली तर इंजिन खाली उतरवून, उघडून दुसरी प्लेट शोधावी लागते. १२ए च्या धड प्लेटा आता सहज मिळत नाहीत. सरळ आट्यांचं पितळी बूच, थ्रेड सिलंट आणि हलका हात, एवढं पुरे. भोकापाशी भिंत किती जाड आहे हे दिसत नसेल तर आटे पाडूच नका. भोक गोल आणि धड असेल तर ठोकून बसवायचं कप-बूच त्याहून कमी धोक्याचं.

मॅनिफोल्डवरून पाणी घेणारा एखादा होज तुमच्या गाडीवर असेल तर त्याचं दुसरं टोकही बंद करा किंवा वळवून जोडा. आणि हे लक्षात ठेवा की हा पर्याय सहजी उलटा फिरवता येत नाही. मूळ स्थितीतली गाडी म्हणून पुढे विकायची असेल तर जाणकार गिऱ्हाईक मॅनिफोल्ड उतरवून हे पाहील.

किंमत मोजावी लागते ती थंडीत. चोक जास्त वेळ लागतो, पहिली काही मिनिटं इंजिन अडखळतं. तापमान शून्य ते दहा अंशांच्या दरम्यान आणि हवा दमट असेल तर कार्ब्युरेटरच्या घशात बर्फ धरू शकतो. भारतात या गाड्या माझदाने अधिकृतपणे विकल्या नाहीत, त्यामुळे हा प्रश्न मुख्यतः परदेशातल्या मराठी मालकांचा. न्यू जर्सीचा जानेवारी आणि ब्रिस्बेनचा जानेवारी यांचं उत्तर एक असूच शकत नाही.

चौथा, जो पर्याय नाही

रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद पावडर. ती भोक आणि अरुंद वाट यांत फरक करत नाही. ओ-रिंगची फट बुजो न बुजो, हीटरची नळी आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या नक्की अरुंद होतील. रोटरी एकदा चांगली तापली तरी आतली वॉटर सीलं जायला पुरेसं असतं, त्यामुळे इथं ही काटकसर सर्वांत महाग पडते.

तर कोणी काय करावं

पहिलीच गळती असेल, गाडी रोजची असेल आणि तोंडं धड असतील तर पर्याय एक, डोळे मिटून. वर्षभरात दुसऱ्यांदा गळत असेल तर रिंग विकत घेण्याआधी प्लॅस्टिसिन आणा. आकडे जास्त पण सारखे आले तर पॅकिंगची किंवा रिंगची जाडी चुकली आहे, आकडे वेगवेगळे आले तर वाकडेपणा. खड्डे दिसले तर पर्याय दोन, मग थंडी असो की ऊन. मधली प्लेट मागे असेल तर जाड रिंग, आणि तीही पुरत नसेल तरच बूच. फक्त ट्रॅकवर जाणारी किंवा उष्ण प्रदेशातली गाडी असेल आणि मॅनिफोल्ड आधीच दोनदा वेल्ड झालेला असेल तर सरळ बूच. तिथं दुरुस्तीवर आणखी पैसे घालणं हट्टाचं. रस्त्यावरच्या, मूळ रूपात जपलेल्या गाडीला बूच मारायच्या आम्ही विरोधात आहोत. दोनशे ग्रॅम प्लॅस्टिसिन आणि एक दुपार देऊन जे कळतं त्यासाठी दुर्मीळ बिडाला टॅप लावणं पटत नाही.

बसवताना

जुने स्टड गंजले असतील तर बदला. गंजलेल्या आट्यांवर टॉर्क रेंच खोटं बोलतो. नट ८ मिमीचे, पाना १२ नंबरचा. मधल्यापासून सुरुवात करून बाहेरच्या नटांकडे, तीन टप्प्यांत आवळा. शेवटचा टॉर्क तुमच्या वर्षाच्या मॅन्युअलमधला घ्या. साधारण १९ ते २५ न्यूटन-मीटर. खालच्या नटांना नुसता सॉकेट पोचत नाही, वळणारा जोड लागतो, आणि घाईत हेच नट सैल राहतात. पॅकिंग एकच.

पाणी भरताना ग्लायकोल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक उंच करा आणि टोपी उघडी ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा. नंतर पुन्हा ०.९ बार दाब देऊन रात्रभर काटा हलत नाही ना, बघा. तेलात दुधाळपणा दिसला तर तेलही बदला. पाचशे किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण थंड असताना, नटांवर टॉर्क रेंच एकदा फिरवा. कागदी पॅकिंग तोवर बसलेलं असतं आणि खालचे एक-दोन नट पाव फेरा घेतात.